अमेरिकेतले कृष्णवर्णीय लोक लग्नाला मानत नाहीत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या दहापैकी सात मुलांच्या आईबापांचं मूल जन्मलं तेव्हा लग्न झालेलं नसतं, गोऱ्यांत हे प्रमाण दहात तीनाच्याही आत आहे, आशियाई लोकांत जेमतेम एक. मग हा फरक वंशाचा की संस्कारांचा? तिथे राहणाऱ्यांनी सांगावं.

सांगते. मिशिगन राज्यातल्या डेट्रॉईटमध्ये, मोटारींच्या शहरात, एका हॉस्पिटलात मी अकरा वर्षं जन्मनोंदणीचं काम केलं. बाळंतिणीच्या खोलीत जायचं आणि दाखल्याचे कागद भरून घ्यायचे. नाव, पत्ता, शिक्षण, आणि मग तो प्रश्न: लग्न झालंय का? हजारो बायकांना मी तो विचारला असेन. आणि ‘संस्कार’ हा शब्द तर आमच्याच घरच्या जेवणाच्या टेबलावर इतक्यांदा ऐकलाय की तुमच्या प्रश्नात तो दिसल्यावर गप्प बसवेना.

तुमचे आकडे बरोबर आहेत. कृष्णवर्णीय ७० टक्क्यांच्या आसपास, लॅटिनो (लॅटिन अमेरिकी वंशाचे) ५० च्या थोडे वर, गोरे २७-२८, आशियाई १२ च्या आसपास. पण आकडा एवढाच वाचून थांबू नका. १९६५ मध्ये डॅनियल पॅट्रिक मॉयनिहन नावाच्या, श्रम खात्यातल्या बड्या अधिकाऱ्याने कृष्णवर्णीय कुटुंबांवर एक अहवाल लिहिला आणि ही कुटुंबव्यवस्था ढासळते आहे म्हणून देशभर खळबळ उडाली. तेव्हा त्यांच्यातलं हे प्रमाण होतं सुमारे २४ टक्के. आज गोऱ्यांचं त्याहून जास्त आहे. गोऱ्यांच्या वंशात काय बिघडलं, असा प्रश्न मला आजवर कुणी मराठी माणसाने विचारलेला नाही. आइसलँडमध्ये ७० टक्क्यांच्या घरात मुलं लग्नाबाहेर जन्मतात, फ्रान्समध्ये ६० च्या वर. म्हणजे वंश हे उत्तर नाही. तो विषय इथेच मिटला.

दुसरी गोष्ट. ‘त्यांच्यात लग्नाशिवाय पोरं होण्याचं वाढतच चाललंय’ हेही खरं नाही. लग्न न झालेल्या दर हजार कृष्णवर्णीय स्त्रियांमागे १९७० मध्ये वर्षाला ९५ च्या आसपास मुलं जन्मत होती, आता ६० च्या आत आहेत. पंधरा ते एकोणीस वयाच्या मुलींत १९९१ साली हजारी सुमारे ११८ जन्म होते, आता २० च्या आसपास. प्रमाण फुगलं ते लग्नं घटली आणि लग्न झालेल्यांना मुलं कमी झाली म्हणून. भागाकारात खालचा आकडा लहान झाला की उत्तर मोठं येतं.

आता मला जे सांगायचंय ते.

फेब्रुवारी २००९. मोटार कंपन्यांना घरघर लागलेली. एप्रिलअखेर क्रायस्लरने दिवाळखोरी जाहीर केली आणि १ जूनला जनरल मोटर्सने, पण सुटे भाग बनवणारे छोटे कारखाने त्याच्या आधीच एकेक करून बंद पडत होते. त्या वर्षी मिशिगनमध्ये बेकारी १४ टक्क्यांच्या आसपास गेली. खोलीत एक बावीस वर्षांची पहिलटकरीण, कुशीत मुलगी. खुर्चीत तिची आई, म्हणजे बाळाची आजी, वय एक्केचाळीस, हातात काठी. बाप दिसत नव्हता. मी कागद काढले, आणि त्या क्षणी माझ्या मनात आलं ते माझ्या मोठ्या दिरांच्या, म्हणजे भाऊजींच्या, तोंडचं वाक्य होतं: आणखी एक.

“लग्न झालंय?”

“अजून नाही.”

हे ‘अजून’ लक्षात ठेवा. नुसतं ‘नाही’ म्हणणाऱ्या फार थोड्या. अकरा वर्षांत मी ऐकलेलं उत्तर बहुतेक वेळा हेच.

बापाचा सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे सरकारी ओळख क्रमांक, तिच्या एका वहीत मागच्या पानावर लिहिलेला होता. तो शोधताना मधलं पान उघडलं गेलं. पेन्सिलीने हिशेब मांडला होता. हॉल ९००. केक २५०. दोन्हीकडची मिळून १२० माणसं. खुर्च्या चर्चकडून, फुकट. खाली साठवलेल्या पैशांची बेरीज वाढत गेलेली: ८५, १६०, ३१०, ६४०. सहाशे चाळिसावर आडवी काट आणि बाजूला लिहिलेलं, गाडीचं ट्रान्समिशन. डेट्रॉईटला गाडी बसली की कामावर जाता येत नाही, त्यामुळे हॉल आधी की गाडी आधी हा प्रश्नच येत नाही.

मी आगाऊपणा केला. म्हटलं, कोर्टात जाऊन का नाही करत? परवान्याचे वीस डॉलर लागतात फक्त. ती म्हणाली, “कोर्टात लोक दंड भरायला जातात.” आजी म्हणाली, “माझं कोर्टातच झालं होतं. दीड वर्षात मोडलं. ही करेल तेव्हा टिकेल असं करेल.”

ज्यांना लग्नाची किंमत नाही त्या बायका असं बोलतात का, सांगा. माझ्या आईने माझ्या लग्नासाठी भिशी लावली होती, तिच्या वहीत आणि या वहीत मला काही फरक दिसेना.

साडेचारला बाप आला, चोवीस वर्षांचा. बुटांना बर्फ. सीट बनवणाऱ्या कारखान्यात होता, डिसेंबरात कामावरून काढलेलं. तेव्हापासून रात्री पेट्रोल पंपावर, दिवसा लोकांच्या दारातला बर्फ उपसायला. आल्या आल्या कोपरापर्यंत हात धुतले, बाळाला घेतलं, लंगोट बदलला, आणि तो बदलताना पायाचा घोटा कसा धरायचा हे त्याला नीट माहीत होतं. धाकटी भावंडं वाढवलेला मुलगा. अमेरिकी सरकारच्या आरोग्य विभागाने २०१३ मध्ये बापांवर एक अहवाल काढला होता. लहान मुलांसोबत एका घरात राहणाऱ्या बापांपैकी रोज मुलांचं आंघोळ, कपडे, लंगोट करणारे कृष्णवर्णीयांत ७० टक्के होते, गोऱ्यांत ६०, लॅटिनोंत ४५. हा आकडा मी भाऊजींना दोनदा पाठवलाय.

आई-बापाचं लग्न झालेलं नसेल तर बापाचं नाव दाखल्यावर आपोआप लागत नाही. दोघांनी ‘अ‍ॅफिडेव्हिट ऑफ पेरेंटेज’वर म्हणजे आईबाप असल्याच्या प्रतिज्ञापत्रावर साक्षीदारासमोर सही करायची, फोटोचं ओळखपत्र दाखवून. त्याने विचारलं, “माझं नाव लागलं तर बाळंतपणाचं बिल मला येईल ना?” विचारण्यात चूक नव्हती. मेडिकेडवर, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्यावर, झालेल्या बाळंतपणाचा खर्च मिशिगन सरकार त्या काळी लग्न न केलेल्या बापाकडून वसूल करत असे. मी म्हटलं, येऊ शकतं. तो म्हणाला, “येऊ दे,” आणि पेन मागितलं.

लायसन्स मुदत संपलेलं. वाहतुकीचे दंड थकल्यामुळे आधीच निलंबित झालं होतं, नूतनीकरण होईना. मग त्याने जॅकेटच्या आतून कारखान्याचा बिल्ला काढला. फोटो, नाव, नंबर, सगळं होतं त्यावर. गळ्यातली पट्टीसुद्धा काढली नव्हती. मी वरिष्ठांना विचारायला गेले. सरकारी ओळखपत्रच हवं, नियम म्हणजे नियम. सरकारी कचेरीत अर्ज केला की हातात नुसती बिनफोटोची पावती मिळते, कार्ड टपालाने नंतर येतं. बाळ-बाळंतीण दुसऱ्या दिवशी अकराला घरी जाणार. बापाचा रकाना मी कोरा ठेवला.

त्याच दिवशी समोरच्या खोलीतल्या बाईला मी हाच प्रश्न विचारला होता. ती “हो” म्हणाली. मी नवऱ्याचं नाव लिहिलं. नवरा गावाला होता, त्याचं ओळखपत्र नको, सही नको, लग्नाचा दाखला नको. नुसतं ‘हो’ पुरलं. आणि इथे बाप समोर उभा, लेक हातात, स्वतःहून बिल अंगावर घ्यायला तयार, तरी तो कागदावर नाही. ‘बाप नसलेली मुलं’ ज्या आकड्यांत मोजतात, त्यात ती मुलगी मोजली गेली असणार. रकाना मीच कोरा ठेवलाय, म्हणून सांगते.

आजीच्या काठीचंही सांगते, कारण ‘एवढ्या लवकर मुलं का’ हेही लोक विचारतात. एक्केचाळिसाव्या वर्षी तिला रक्तदाब, मधुमेह, गुडघे गेलेले. मिशिगन विद्यापीठातल्या आर्लीन जेरोनिमस यांनी १९९२ मध्येच मांडलं होतं की गरिबीत आणि वर्णभेदात राबणाऱ्या कृष्णवर्णीय बायकांची शरीरं लवकर झिजतात. त्यांच्यासाठी थांबून, वय वाढवून मूल होऊ देणं हे गोऱ्या बाईइतकं सुरक्षित नसतं, आणि मूल सांभाळायला धडधाकट आजी असावी हाही हिशेब त्यात असतो. २०२३ मध्ये एक लाख जन्मांमागे कृष्णवर्णीय माता ५० दगावल्या, गोऱ्या १४-१५. पुण्यात एसी खोलीत बसून ‘आधी करिअर, मग लग्न, मग मूल’ हा क्रम शिकवणं सोपं आहे.

मुळात लग्न कमी का, याचं उत्तर समाजशास्त्रज्ञ विल्यम ज्युलियस विल्सन यांनी १९८७ मध्ये दिलं: शहरांतले कारखाने गेले, हातात पगार असलेले पुरुष कमी झाले, मग लग्न कुणाशी करायचं? डेट्रॉईट १९५० मध्ये साडेअठरा लाखांचं शहर होतं, २०२० मध्ये साडेसहा लाखही नाही. त्यात तुरुंग. न्यूयॉर्क टाइम्सने २०१५ मध्ये हिशेब मांडला होता की २५ ते ५४ वयाच्या, तुरुंगाबाहेर असलेल्या दर शंभर कृष्णवर्णीय स्त्रियांमागे पुरुष फक्त ८३ आहेत. गोऱ्यांत ९९. बाकीचे बहुतेक तुरुंगात, नाहीतर अकाली मेलेले. शिवाय सरकारी मदतीचा इतिहास. अनेक राज्यांत एकट्या आईला मदत मिळायची, पण घरात पुरुष सापडला की बंद. तपासनीस मध्यरात्री धाडी घालायचे. पुरुष सापडला की मदत बंद, हा नियम सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला १९६८ मध्ये.

गुलामगिरीने कुटुंबं मोडली म्हणून हे झालं, असंही लोक सांगतात. मला ते अर्धवट वाटतं. गुलामांच्या लग्नाला कायद्याची मान्यता नव्हती हे खरं, नवरा एकीकडे विकला जायचा आणि बायको दुसरीकडे. पण सुटका झाल्याबरोबर या लोकांनी काय केलं? रांगा लावून लग्नं नोंदवली. ताटातूट झालेल्या नवरा-बायकोचा शोध घेण्यासाठी वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या. त्यानंतरच्या कित्येक दशकांत, साधारण दुसऱ्या महायुद्धापर्यंत, कृष्णवर्णीय बायकांची लग्नं गोऱ्या बायकांपेक्षा लवकर होत होती. संस्कार नव्हते तर ते काय होतं?

हे समजायला मला अमेरिकेची गरज नव्हती खरं तर. मी लालबागची. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा दहा वर्षांची होते. अडीच लाख कामगार घरी बसले. धाकटे काका गिरणीत बदली कामगार होते, सुपारी फुटली होती, मे महिन्यातला मुहूर्त. एप्रिलमध्ये मुलीकडचे आले, माझ्या आजीने पुढे केलेला चहा घेतला नाही, नारळ पाटावर ठेवून निघून गेले. काकांचं लग्न पुढे झालंच नाही. आमच्या चाळीत असे चौघे होते. मराठी माणूस लग्नाला मानत नाही असं तेव्हा कुणी म्हटलं नाही. २०२२ च्या डिसेंबरात सोलापुरात तरुण पोरं नवरदेव बनून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा घेऊन गेली. त्यांची तक्रार मुलींच्या घटत्या संख्येचीही होती, ती खरीच आहे. पण शेतकऱ्याच्या पोराला, नोकरी नसलेल्याला मुलगी कोण देतं, हे तुम्हालाही माहीत आहे.

मग फरक काय? काकांना लग्नाशिवाय मूल झालं नाही, कारण आपल्याकडे तसं होऊ देत नाहीत, आणि झालं तर त्या बाईचं जगणं मुश्कील करतात. जोतीराव-सावित्रीबाईंना १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढावं लागलं ते काय हौसेने? फसलेल्या विधवा मुलं जन्मताच मारत होत्या, स्वतः जीव देत होत्या. आपला आकडा लहान आहे म्हणून मिरवण्याआधी तो लहान कसा ठेवला गेला ते बघावं.

२००९ च्या दिवाळीत भाऊजी न्यू जर्सीहून आले होते. मी वहीची गोष्ट सांगितली, बिल्ल्याची सांगितली. ते शांतपणे म्हणाले, “सगळं ठीक, पण आपल्यातल्या एखाद्या मुलीने असं केलं असतं का? शेवटी संस्कार.” सगळे माना डोलावत राहिले. मी जेवण वाढत होते, तशीच आत गेले. पंधराहून जास्त वर्षं ते उत्तर माझ्या घशात आहे.

भाऊजी, तुम्ही हे वाचाल, तुमची सूनबाई पाठवेलच. मी १९९८ मध्ये इथे आले ती एच-फोर व्हिसावर. एच-वन हा नोकरीचा व्हिसा, आणि एच-फोर मिळतो तो एच-वनवाल्याच्या लग्नाच्या जोडीदाराला आणि मुलांना. ब्रीच कँडीला वकिलातीच्या रांगेत मी लग्नाचा अल्बम छातीशी धरून उभी होते. लग्न नसतं तर मी त्या रांगेतही नसते. १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर अमेरिकेने आपल्यातली निवडून माणसं घेतली, शिकलेली, नोकरी हातात असलेली. बहुतेक लग्न करूनच आली, किंवा तीन आठवड्यांच्या रजेत मुली पाहून करून आली, तुमच्यासारखी. आणि आता आपणच आपले आकडे पुढे करून सांगतो की बघा आमचे संस्कार. ज्यांचं लग्न जमलं नाही, ज्यांची नोकरी नाही, ते आपले लोक विमानात बसलेच नाहीत. काका लालबागलाच राहिले.

दोन गोष्टी मान्य करते, नाहीतर एकांगी होईल. शिक्षण आणि उत्पन्न सारखं असलेल्या गोऱ्या-कृष्णवर्णीयांची तुलना केली तर फरक बराच कमी होतो, पण पूर्ण पुसला जात नाही. आणि आईबाप दोघं घरात असलेल्या मुलांचं सरासरीने बरं चालतं, हेही खरं आहे. लग्न नको असं माझं म्हणणं नाही. बेजबाबदार बापही भरपूर पाहिले, सर्व रंगांचे. कॅथरिन एडिन आणि मारिया केफॅलस या दोघी समाजशास्त्रज्ञांनी फिलाडेल्फियाच्या गरीब वस्त्यांतल्या गोऱ्या, कृष्णवर्णीय, पोर्तो रिकन आयांशी वर्षानुवर्षं बोलून २००५ मध्ये पुस्तक लिहिलं, त्यातही हेच आहे: या बायका लग्नाला इतकं मोठं मानतात की मोडणारं लग्न करण्यापेक्षा न केलेलं बरं, असं त्यांना वाटतं. मूल मात्र त्यांना आयुष्यातून वजा करायचं नसतं.

ती वहीवाली मुलगी २०१३ मध्ये पुन्हा आली, दुसऱ्या बाळंतपणाला. मी विचारलं, लग्न झालंय? “हो, गेल्या ऑगस्टमध्ये.” कारखाने पुन्हा चालू झाले होते, त्याला सीटच्याच कामावर परत घेतलं होतं. नवऱ्याचं नाव मी काहीही न मागता लिहिलं. मग विचारलं, थोरलीच्या दाखल्याचं काय? अजून कोराच होता. मी खाली जाऊन तो जुना फॉर्म आणला आणि त्या दिवशी दोघांच्या सह्या घेतल्या. या वेळी त्याचं लायसन्स चालू होतं. चार वर्षांची थोरली पलंगावर चढून बघत होती.

आणि भाऊजी, एक तुम्हीच विसरलात. २००१ च्या शेवटी यांची नोकरी गेली. एच-वनवर नोकरी गेली की देशात थांबायचीही धड सोय नसे. मी पाच महिन्यांची गरोदर. तेव्हा तुम्ही चार हजार डॉलर पाठवलेत, दोन महिने आम्हाला तुमच्या तळघरात ठेवून घेतलंत, आणि तुमच्या मित्राला सांगून यांना काम मिळवून दिलंत. त्या दोन महिन्यांत आम्ही दोघं किती भांडलो ते वहिनींना माहीत आहे. आमचं लग्न तेव्हा टिकलं त्याला मी संस्कार म्हणणार नाही, तुमचे पैसे आणि तुमची ओळख म्हणेन. २०२२ मध्ये अमेरिकेत मधल्या, म्हणजे गरीब ते श्रीमंत अशी रांग लावली तर मधोमध येणाऱ्या, गोऱ्या कुटुंबाची कर्ज वजा जाता मालमत्ता दोन लाख पंच्याऐंशी हजार डॉलर होती, मधल्या कृष्णवर्णीय कुटुंबाची पंचेचाळीस हजारांच्याही आत. म्हणजे उसने चार हजार देऊ शकेल असा भाऊ त्यांच्यात सहजी सापडत नाही. त्या पोराने फेब्रुवारीत ज्यांना ज्यांना फोन केले असतील, त्यांच्यापैकी निम्मे त्याच कारखान्यातून सुटलेले होते.

ते चार हजार आम्ही २००४ मध्ये परत केले. तुम्ही व्याज घेतलं नव्हतं.